झाडावर चढणारं करडू

माझ्या घरात एक करडू आहे. ते चारा खात नाही, लेंड्या टाकत नाही आणि दिवसभर कोपऱ्यात गप बसून असतं. सकाळी भिंतीवरच्या बोर्डाला वायर लावली की पोटात वीज भरून घेतं. मग त्याला झाडाखाली न्यायचं, त्याच्या तोंडातून दोर ओवायचा आणि खटका दाबायचा. घर्रर्र करत ते दोरावर चढायला लागतं आणि त्याच्या पोटाखाली लटकलेला मीही वर जातो. पन्नास फूट आंबा असला तरी घाम नाही, दम नाही, गुडघ्याला तर पत्ताच नाही. हे यंत्र पहिल्यांदा ज्याने बनवलं तो कुठल्या देशातला कोण असेल तो असो. माझ्या दारात आला तर आधी त्याला शहाळं पाजीन आणि मग विचारीन, बाबा रे, तीस वर्षं कुठे झोपला होतास?

यंत्राला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. करडू हे नाव बायकोने ठेवलं. पहिल्या दिवशी रिक्षातून आणताना मी ते मांडीवर दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो. तर म्हणते, "बाजारातून करडू आणल्यावानी काय धरलंय त्याला!" वजनही साधारण तेवढंच होतं. रिक्षावाला हसला आणि नाव कायमचं चिकटलं.

मी झाडावर चढणारा माणूस. नारळ काढायचे, माडांची सुकी झावळं उतरवायची, आंब्यावरचं बांडगूळ छाटायचं, घराच्या कौलांवर आलेली फांदी दोराने बांधून अलगद खाली सोडायची, हा आमचा धंदा. माझा बाप हेच करायचा. रेवदंड्यापासून नागावपर्यंतच्या वाड्यांमध्ये असं मोठं झाड नसेल ज्याच्या शेंड्यातून मी समुद्र बघितला नाही. डोकं माझं जरा गरम आहे, हे आधीच सांगून टाकतो. जमिनीवर माझं कोणाशी पटत नाही. झाडावर गेलो की मी देवमाणूस.

मग गुडघा गेला. कुठे पडलो-बिडलो नाही, एका साध्या माडावरून उतरलो, जमिनीवर पाय टेकवला आणि आतून काहीतरी कचकन वाजलं. अलिबागच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटली आहे, आता झाडाचं नाव काढायचं नाही. चालायला हरकत नाही, पण जोर देऊन पाय दुमडला तर तो कधीही अडकून बसेल, मग सरळ होणार नाही.

त्यानंतर मी वर्षभर घरात होतो. त्या वर्षाबद्दल काय सांगू? मी माणसं चावत होतो. डाळीत मीठ कमी म्हणून भांडलो, मीठ बरोबर पडलं तेव्हा बरोबर का पडलं म्हणून भांडलो. ओटीवर बसून समोरच्या वाडीतले माड बघायचो आणि दुसरा कोणी चढताना दिसला की त्याच्या चुका मोठ्याने सांगायचो. शेवटी त्या पोरांनी आमच्या बाजूचे माड घेणंच बंद केलं. एकदा बायको पनवेलच्या मुलीला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं, "तुझ्या बापाचा पाय गेला त्याचं काय न्हाय गं. पण मानूसच वरती राहिलाय आणि हितं खाली नुसतं तोंड आलंय." राग आला, पण खोटं काय होतं त्यात!

मुलीच्या नवऱ्याच्या ओळखीत उंच इमारतींच्या काचा पुसणारे लोक होते. त्यांच्याकडे हे यंत्र जुनं झालं म्हणून पडून होतं. जावयाने ते तपासून घेतलं, नवी बॅटरी घातली, नवा दोर आणला आणि दोन रविवार आमच्याकडे येऊन मला शिकवलं. पातळ दोरीला वजन बांधून ती झाडाच्या बेचक्यातून पलीकडे फेकायची. तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा. दोराचं एक टोक बुंध्याला पक्कं बांधायचं आणि दुसरं टोक मोकळं सोडून त्यावर यंत्र चढवायचं. अंगात पट्टा घालायचा आणि पट्ट्याची कडी यंत्राच्या कडीत अडकवायची. बस्स. वजनासाठी जावयाने कसली तरी रंगीत पिशवी आणली होती, पण बायकोने माहेराहून जाळ्याची शिशाची वजनं आणली आणि ती जुन्या मोज्यात शिवून दिली. तीच अजून वापरतो. बंदुकीच्या गोळीसारखी जातात.

पहिल्या दिवशी माझी जी फजिती झाली ती सांगायलाच हवी. तीस वर्षं झाडाला पायाने धरायची सवय, त्यामुळे यंत्र मला वर ओढतंय आणि माझे पाय खोड सोडायला तयार नाहीत! वरचं अंग वर, खालचं अंग खाली. जावई ओरडतोय, "बाबा, पाय सोडा, पाय सोडा!" आणि मी ओरडतोय, "सोडलेत रे!" सोडले कुठे होते! डाव्या पायाचं नख निम्मं उपटलं तेव्हा सुटले. मग विहिरीतून कळशी यावी तसा मी गोल गोल फिरत वर गेलो. फांदीवर बसलो, वर्षाने वारा लागला, आणि मला रडू आलं. खाली जावई होता म्हणून पानाआड तोंड केलं.

आता बायकोची अट. तिने ती यंत्र घरात आलं त्याच दिवशी जेवताना घातली. माझ्या ताटात भात वाढला आणि डाव धरूनच उभी राहिली. "पाय जमिनीवरून सुटला की कडी सुटायची न्हाय. काय झालं तरी न्हाय. एकदा जरी सुटली, तर करडू आलं तसं परत जाईल आणि तुम्ही घरात बसाल. ताटाला हात लावून सांगा." मी भुकेला होतो, ताटाला हात लावला. पण नुसती भूक नव्हती ती, मनापासून लावला होता.

अशी अट तिने का घातली, ते कळायला आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. माणूस झाडावर असेल तोवर घरातल्या बाईने वर बघायचं नाही. आईला तिच्या सासूने सांगितलं, आईने माझ्या बायकोला. बाईने वर बघितलं की माणसाचं लक्ष खाली जातं, आणि लक्ष गेलं की पाय जातो, असं आई म्हणायची. माझ्या आईने उभ्या जन्मात माझ्या बापाला झाडावर बघितलं नाही. वाडीत काही द्यायला आली तरी पदर कपाळावर ओढून, जमिनीकडे बघत यायची, डबा ठेवायची आणि जायची.

बायकोचं माहेर मात्र रेवदंड्याच्या खाडीवरचं, बापाची होडी. तिकडे रीत बरोबर उलटी. होडी दिसेपर्यंत बायका बंदरावर उभ्या राहून पाण्याकडे डोळे लावून असतात. लग्न होऊन आली तेव्हा तिला हे आमचं काही पटेना. "न बघता कसं कळायचं मानूस हाय का न्हाय?" असं तिने आईला तोंडावर विचारलं होतं. आई म्हणाली, "संध्याकाळी जेवायला आला की कळतं." तेव्हापासून तिने तीस वर्षं एकदाही वर बघितलं नाही.

पूर्वी झाडाखाली माझा चुलतभाऊ असायचा. तो ट्रकवर गेला, त्याचं बरं चाललंय. यंत्र आल्यावर खाली माणूस तर हवाच होता. बायको म्हणाली, मी येते. मी म्हटलं, अगं रीत? म्हणाली, रीत वर बघायची न्हाय अशी हाय, खाली यायची न्हाय अशी कुठं हाय! आणि खरंच, ती झाडाखाली यायची ती मान खाली घालूनच. फांद्या गोळा करायची, झावळं ओढायची, दोर सांभाळायची, सगळं वर न बघता. तिचे कानच तिचे डोळे झाले होते. करडूचा आवाज चढतानाचा वेगळा, उतरतानाचा वेगळा. करवत सुक्या लाकडात आहे की ओल्या, हे ती खालून सांगायची. सात-आठ महिने आमचं असं झकास चाललं. डाळीतलं मीठ कसं आहे, हे मी विचारायचंही सोडलं.

तर त्या दिवशीची गोष्ट. भातकापणीचे दिवस होते, पाऊस सरून ऊन कडक झालेलं. रेवदंड्याच्या अलीकडे एक जुनी वाडी आहे, तिथल्या मालकीणबाई शाळेत मास्तरीण होत्या, आता एकट्या राहतात. त्यांच्या विहिरीशेजारी रायवळ आंब्याचं एक झाड आहे. खोड दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. त्यावर बांडगूळ माजलं होतं, मोहोर यायच्या आत ते काढायचं होतं. असल्या खोडावर पाय ठरत नाहीत. म्हणून बापाची पद्धत अशी होती, की आंब्याला लागून जो माड आहे त्यावर चढायचं, आंब्याची फांदी हाताला आली की आंब्यात शिरायचं, आणि काम झालं की परत त्याच माडावर पाय टाकून उतरायचं. त्या माडाला पाय ठेवायला बापाने स्वतः खाचा पाडल्या होत्या. बापाबरोबर आणि बापामागे, त्या वाटेने मी निदान वीस वेळा गेलो-आलो असेन.

त्या दिवशी अर्थात करडूवरून गेलो. दोन तास काम केलं. बांडगुळाची लाल फुलं खाली पडत होती, आणि मालकीणबाई पडवीतून, "ती डावीकडची राहिली हो!" असं शिकवत होत्या. मास्तरणींना कोणीतरी शिकवायला लागतं. शेवटचा झुबका काढला आणि जरा बसलो. वरून खाडीचं तोंड दिसत होतं, दोन होड्या आत येत होत्या, खाली वाळत घातलेल्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर येत होता. पोटात भूक होती. एवढं सुख मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कोयता कमरेच्या आकडीत सरकवला. आणि हातांनी घात केला.

माड हाताशी होता. मी सवयीने त्याच्याकडे झुकलो, पट्टा मागे ओढायला लागला, मध्येच लुडबूड करणारं मूल बाजूला करावं तशी माझ्या हाताने कडी उघडली आणि सोडली. एक पाय माडावर, दुसरा पाय माडावर, आणि मी उतरायला लागलो. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं विचाराल, तर आज कालवण कशाचं असेल एवढंच. नवशिक्या असता तर मेला तरी कडी सोडली नसती. ही चूक करायला तीस वर्षं चढावं लागतं.

तीन-चार खाचा उतरलो असेन. खाली बायको माझ्याकडे पाठ करून फांद्यांचा भारा बांधत होती. ती थांबली. उतरताना करडू वाजतं, ते वाजत नव्हतं. त्याच्याऐवजी माडाच्या खोडावर तळवे घासल्याचा आवाज येत होता. तिने मान वर केली नाही, तशीच पाठमोरी म्हणाली, "अहो, कडी कुठाय?"

तेव्हा मला कळलं. वर बघितलं तर करडू आंब्याच्या बाजूला मोकळं लोंबत होतं, माझ्यापासून चांगलं दीड पुरुष वर. मी माड आणखी घट्ट धरला. पडायची भीती नव्हती ती, खोटं कशाला बोलू. ताट आठवलं. एकदा जरी सुटली तर घरात बसाल. ती ओटी, तो समोरचा माड, ते माणसं चावणं. आणि मी म्हणालो, "हाय ना कडी. हाय."

मी मनात म्हटलं, झपाझप उतरू, तिला दिसणार नाहीच, ती कुठे वर बघते आहे! पुढच्या खाचेसाठी उजवा पाय दुमडला, आणि गुडघा अडकला. दाराला खीळ बसावी तसा. सरळ होईना, आणखी दुमडेना. डावा पाय बापाच्या खाचेत, दोन्ही हात माडाच्या गळ्यात, आणि उजवा पाय पोटाशी. खाली विहिरीचा दगडी काठ. पंचवीस फूट तरी असेल.

"अगं," मी म्हणालो. बस्स, एवढंच निघालं तोंडातून.

आणि तिने वर बघितलं.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी झाडावरून तिचा चेहरा बघितला. नेहमी भांग दिसायचा, पदर दिसायचा, पाठ दिसायची. आता अख्खा चेहरा वर होता, उन्हामुळे डोळे बारीक झालेले, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं, ही आता ओरडणार. आई म्हणायची तसं लक्ष जाणार, पाय जाणार. पण उलटंच झालं. ते डोळे माझ्यावर लागले आणि माझी पकड घट्ट झाली.

"हलू नका," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दुधाला उकळी येतेय बघा, असा.

मालकीणबाई पडवीतून धावत आल्या. शिडी आणते म्हणाल्या, शिडी पडवीच्या पत्र्याला पुरेल एवढी. कोळीवाड्यातून माणसं बोलावते म्हणाल्या. बायको म्हणाली, "माणसं येईतो त्यांचा हात ऱ्हायचा न्हाय. बाई, पदर खोचा आणि हितं या." ज्या बाईंनी आयुष्यभर शंभर जणांना रांगेत उभं केलं, त्या मुकाट्याने पदर खोचून आल्या.

मग बायको आंब्याच्या बुंध्याशी गेली. दोराचं एक टोक तिथे बांधलेलं असतं हे मी सांगितलंच. तिने गाठ सोडली, पण दोर सोडला नाही. बुंध्याभोवती दोन वेढे ठेवले आणि हळूहळू ढील द्यायला लागली, होडीचा दोर खुंटाला वेढे देऊन सोडतात तसा. वर बेचक्यातून दोर सरकत आला आणि करडू इंच इंच खाली यायला लागलं. ती हाताने दोर सोडत होती आणि डोळे माझ्यावर. करडू माझ्या छातीच्या उंचीला आलं तशी थांबली. पण ते आंब्याच्या बाजूला होतं, माझा हात पोचणार नाही एवढं लांब.

"बाई, ती करडूखालची लोंबती दोरी धरा आणि माडाकडे चला. हळू. आणखी. आणखी."

बाई चालत माडाखाली आल्या आणि करडू झोका घेतल्यासारखं माझ्याकडे आलं. मी अधाशासारखा हात काढला.

"हात लावू नका!" ती केवढ्याने ओरडली! "अजून बांधलं न्हाय मी!"

मी हात परत माडाला लावला. तिने बुंध्याला गाठ मारली, वरून दुसरी मारली, पाय देऊन ओढून बघितली. मग म्हणाली, "आता. एका हाताने."

कडी धरली, पट्ट्याच्या कडीत घातली. हात घामाने बुळबुळीत, दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बसली.

"वाजली?"

"वाजली."

"खरं?"

त्या एका शब्दाने मी मेलो. "खरं," मी म्हणालो.

"ओढून दाखवा." मी ओढून दाखवली. "आता माड सोडा."

आणि मला माड सोडवेना. तीस वर्षं ज्याला धरून जगलो ते सोडायला हातच तयार होईनात. खाली ती वाट बघत होती. घाई केली नाही, रागावली नाही. "मी बघतेय," एवढंच म्हणाली. मी सोडला. करडूने मला अलगद धरलं, खटका दाबला, आणि घर्रर्र करत आम्ही दोघं खाली आलो.

जमिनीवर पाय लागल्यावर गुडघा आपोआप कट् करून मोकळा झाला, हरामखोर. बाईंनी कोकम सरबत आणलं. आणता आणता निम्मं बशीत सांडलं. बायकोने माझी कडी सोडली, दोर गुंडाळला, फांद्यांचा भारा पुरा बांधला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कडी सुटली ते एक. ते हाताचं काम, हात गाढव असतात. पण मी विचारलं तेव्हा हाय म्हणालात ते दुसरं. तीस वर्षं मी वर बघितलं न्हाय ते तुमच्या तोंडावर इस्वास ठेवून."

मी सरबत प्यालो.

घरी येताना रिक्षात करडू तिच्या मांडीवर होतं. घरात गेल्यावर तिने ते लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत घातलं आणि पेटीला कुलूप लावलं. मुलीला फोन करील, जावई येऊन घेऊन जाईल, असं मी धरून चाललो. पण या वेळी मी कोणाला चावलो नाही. चूक माझी होती, चावणार कोणाला? दुसऱ्या दिवशी बाजारातून तिच्या आवडीचे बोंबील आणले. तिने ते केले, वाढले, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अंगण झाडलं, तर म्हणाली, कचरा राहिलाय. ते ऐकून बरं वाटलं, निदान बोलली तरी.

पाचव्या दिवशी मुरुडहून फोन आला. एका लॉजच्या छपरावर चिंचेची फांदी आली होती, ती उतरवायची होती. मी ओटीवर होतो. "न्हाय जमायचं हो आता," मी म्हणालो, "बंद केलंय आम्ही." बायको आतून आली, माझ्या हातातला फोन घेतला, "परवा सकाळच्या गाडीने येतो," म्हणाली आणि बंद केला. मी तिच्याकडे बघत राहिलो. "काय बघताय? बॅटरी भरा," म्हणाली आणि पेटी उघडायला गेली.

मुरुडला चिंचेखाली मी दोर टाकला, पट्टा घातला. ती समोर आली, माझी कडी स्वतःच्या हाताने करडूला अडकवली. मग कमरेला खोचलेलं पेटीचं कुलूप काढलं, कडी उघडणारच नाही असं तिच्यात घातलं, चावी फिरवली, आणि चावी मंगळसूत्रात ओवून टाकली. लॉजची पोरं बघायला जमली होती, त्यातला एक म्हणाला, "मावशी, काका काय वरती पळून जाणार हायत काय?"

"वर पळत न्हाईत," ती म्हणाली. "खाली पळतात."

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो, काय करणार!

जावयाला हे कळलं तेव्हा त्याने फोनवर कपाळावर हात मारला असणार. म्हणाला, आई, असं कुलूप लावायचं नसतं, वर काही झालं तर माणसाला सुटता आलं पाहिजे, नियम आहे तसा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "त्या नियमात तुमचे सासरे धरलेत का?" म्हणाली. "आनि वर काय झालं तर मी खाली हाय. दोर सोडता येतो मला. चावी माझ्या गळ्यात हाय तोवर मी झाडाखालून हलत न्हाय." ते मात्र खरं आहे. त्या दिवसापासून ती फांद्या गोळा करत नाही, पाणी प्यायलाही जात नाही. भारे मी उतरल्यावर आम्ही दोघं बांधतो. काम जरा लांबतं, लांबू दे.

आता त्या कुलपाची कथा सगळ्या वाड्यांमध्ये पोचली आहे. कोणी हसतं, कोणी मुद्दाम बघायला येतं. मालकीणबाईंनी तर पुढच्या वर्षीचं बांडगूळ आत्ताच सांगून ठेवलंय, दोर धरायला मी आहेच म्हणाल्या. मला कोणाच्या हसण्याचं काही नाही. मी वर असतो, वारा लागतो, खाडी दिसते. आणि खाली नजर टाकली की हमखास तिचा चेहरा दिसतो, वर केलेला, हाताचा आडोसा धरलेला. रीत मोडली म्हणून माझा पाय गेला नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं.

परवा घरी आल्यावर ती मानेला खोबरेल चोळत बसली होती. तास तास वर बघून मान आखडते. मी तेलाची वाटी घेतली, चोळून द्यायला लागलो, आणि म्हणालो, "आता कुलूप हाय, कडी सुटत न्हाय. मग कशाला बघत बसतेस वर? मान दुखते ना?"

"दुखते," ती म्हणाली. "पन तीस वर्षं खाली बघून जास्त दुखायची."